ग्राफिक्स ड्रायव्हर काढायच्या आधी तो जपून ठेवा

काम चालू असताना लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी होते, क्षणभरात परत येते, आणि कधीकधी कोपऱ्यात सूचना दिसते की डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला आहे. एकदा झालं तर आपण विसरून जातो. आठवड्यात चारदा झालं की उपाय शोधू लागतो, आणि जिकडेतिकडे एकच सल्ला मिळतो: ग्राफिक्स ड्रायव्हर काढून टाका आणि नवा टाका.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. डेस्कटॉपवर तो बहुतेक वेळा निभावून जातो. लॅपटॉपवर मात्र सध्या बसलेला ड्रायव्हर, कितीही जुना आणि कुरकुरणारा असला, तरी त्या मशीनसाठी मुद्दाम जुळवून दिलेला असू शकतो. मी स्वतः एका जुन्या लॅपटॉपवर तो काढला, चिप बनवणाऱ्या कंपनीचा सगळ्यात नवा ड्रायव्हर टाकला, आणि ब्राइटनेसच्या कळा मुक्या झाल्या. झाकण मिटून उघडलं की स्क्रीन काळीच राहायची. जुना ड्रायव्हर परत घ्यावा म्हणून लॅपटॉप कंपनीच्या साइटवर गेले, तर त्या मॉडेलचं पानच उरलं नव्हतं. जो ड्रायव्हर मी दोन दिवस शोधत होते, तो आदल्या दिवसापर्यंत माझ्याच डिस्कवर होता. तो बाजूला काढून ठेवायला दहा मिनिटं पुरली असती.

म्हणून हा लेख. विंडोज १० आणि ११ वर ग्राफिक्स ड्रायव्हर जपून कसा ठेवायचा, काढायचा कसा आणि परत कसा टाकायचा हे सांगणार आहे. पण कुठली बटणं दाबायची याच्या आधी ती का दाबायची ते सांगते, कारण इथले बहुतेक घोळ आत काय चालतं ते माहीत नसल्यामुळे होतात.

ड्रायव्हर ही एक फाइल नसते

ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर ग्राफिक्स चिपशी थेट बोलत नाही. तो फक्त "हे चित्र इथे दाखव" एवढं सांगतो. ते काम या विशिष्ट चिपला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवायचं, चिपची मेमरी वाटून द्यायची, काम नसेल तेव्हा तिचा वेग उतरवून बॅटरी वाचवायची, स्क्रीनचा उजेड कमीजास्त करायचा, हे सगळं ड्रायव्हर करतो. लॅपटॉपमधल्या सगळ्या ड्रायव्हरांत हा सहसा सगळ्यात अवजड असतो. एनव्हिडियासारख्या कंपनीचं इन्स्टॉलर काही शे एमबीचं असतं ते याचमुळे.

विंडोज व्हिस्टापासून या ड्रायव्हरचे दोन भाग झाले. मोठा भाग साध्या प्रोग्रॅमसारखा बाहेर चालतो आणि छोटा भाग विंडोजच्या गाभ्यात बसतो. त्याचबरोबर एक पहारेकरीही आला. ग्राफिक्स चिपने दिलेल्या कामावर साधारण २ सेकंदांत हालचाल दाखवली नाही, तर विंडोज ती अडकली असं मानून तिला पुन्हा सुरू करते. स्क्रीन काळी होऊन परत येते ती यामुळेच. त्याआधीच्या विंडोजमध्ये अशा वेळी मशीन गोठायचं किंवा थेट निळी स्क्रीन यायची. म्हणजे ती काळी झपकी हा बिघाड नव्हे, बिघाडातून झालेली सुटका आहे. बिघाड तिच्या आधी घडून गेलेला असतो.

डिस्कवर पाहिलं तर ड्रायव्हर म्हणजे एक अख्खा फोल्डर असतो. त्यात शेवटी आयएनएफ लागलेली एक साधी मजकुराची फाइल असते. हा ड्रायव्हर कोणत्या चिपसाठी आहे, कोणती फाइल कुठे ठेवायची आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, काय लिहायचं हे तिच्यात असतं. शेवटी एसवायएस असलेली फाइल गाभ्यात चालते. डीएलएल फाइली बाहेरचं काम करतात. आणि शेवटी कॅट असलेली एक फाइल असते, ती म्हणजे मोहोर. बाकीच्या फाइलींचे ठसे आणि सही तिच्यात असते. एका फाइलीतला एक अंक जरी बदलला तरी ठसा जुळत नाही आणि ६४ बिट विंडोज तो ड्रायव्हर घ्यायला नकार देते. म्हणून "ती एसवायएस फाइल तेवढी कॉपी करून ठेवली" याला बॅकअप म्हणता येत नाही. पूर्ण फोल्डर जसाच्या तसा ठेवला तरच त्याचा उपयोग होतो.

काढला तरी परत कसा येतो?

आता ज्याने सगळ्यात जास्त लोक चक्रावतात त्या गोष्टीकडे येऊ.

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या सगळ्या भागांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून ग्राफिक्स कार्डावर राइट क्लिक केलं, अनइन्स्टॉल केलं, मशीन रीस्टार्ट केलं, आणि पाहतो तर जुनाच ड्रायव्हर, जुन्याच आवृत्तीसह, जागच्या जागी. अनेक जण याला "नवा टाकून पाहिला, तरी फरक नाही" असं समजतात आणि लॅपटॉप दुरुस्तीला नेतात. खरं तर नवं काहीच टाकलं गेलेलं नसतं.

विंडोजकडे ड्रायव्हरांचं एक कोठार असतं. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी, असा त्याचा पत्ता. कोणताही ड्रायव्हर बसवताना विंडोज आधी त्याची मोहोर तपासते, त्याची पूर्ण प्रत या कोठारात ठेवते आणि मग तिथून तो बसवते. साधं अनइन्स्टॉल केलं की चिप आणि ड्रायव्हर यांची गाठ सुटते, पण कोठारातली प्रत तिथेच राहते. रीस्टार्ट झाल्यावर विंडोजला एक बिनड्रायव्हरची चिप दिसते, ती कोठारात शोधते, आणि तोच ड्रायव्हर पुन्हा जोडून देते. तिच्या दृष्टीने तिने तुमची सोयच केलेली असते.

कोठारातूनही काढायचं असेल तर अनइन्स्टॉलच्या त्याच चौकटीत एक छोटी खूण असते, ती करावी लागते. विंडोज १० मध्ये तिथे ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करण्याबद्दल लिहिलेलं असतं, ११ मध्ये ड्रायव्हर काढून टाकायचा प्रयत्न करा अशा अर्थाचं. ही खूण केली की प्रत खरोखर जाते. माझी चूक नेमकी इथे झाली. बॅकअप न घेता मी ती खूण केली होती.

दुसरा गोंधळ याच्या उलट असतो. तुम्ही खटपट करून नवा ड्रायव्हर टाकता आणि दोन दिवसांनी विंडोज अपडेट त्याच्या जागी जुना आणून बसवतं. हे उगाच होत नाही. एकाच चिपसाठी अनेक ड्रायव्हर हाताशी असले की विंडोज त्यांची क्रमवारी लावते. आधी सही पाहते. मग आयएनएफमध्ये लिहिलेली ओळख प्रत्यक्ष चिपशी किती तंतोतंत जुळते ते. दोन ड्रायव्हर इथवर बरोबरीत असले तर तारीख पाहते, आणि आवृत्तीचा आकडा सगळ्यात शेवटी.

ओळख म्हणजे काय ते स्वतः पाहता येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, डिटेल्स हा टॅब उघडा आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. व्हीईएन या अक्षरांनंतरचे चार अंक चिपची कंपनी सांगतात: ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी. इंटेलचा आकडा म्हणजे १९७८ च्या तिच्या गाजलेल्या प्रोसेसरचा क्रमांक. डीईव्ही नंतरचे अंक म्हणजे चिपचं मॉडेल. त्यापुढे सबसिस लिहून आठ अंक येतात, आणि लॅपटॉपच्या बाबतीत तेच महत्त्वाचे. ही चिप कोणत्या कंपनीच्या कोणत्या मशीनमध्ये बसवली आहे हे त्यांतून कळतं. ज्या ड्रायव्हरमध्ये हे आठ अंकही लिहिलेले असतात, तो फक्त चिपचं मॉडेल ओळखणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा वरचढ ठरतो, तारखेने जुना असला तरीही. लॅपटॉप कंपनीचा जुना ड्रायव्हर चिप कंपनीच्या नव्या ड्रायव्हरला हटवतो तो या नियमाने.

तारखेची एक गंमतही सांगण्यासारखी आहे, कारण ती पाहून पुष्कळ जण घाबरतात. विंडोजबरोबर आलेल्या मूळ ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख दिसते, विंडोज कितीही नवी असली तरी. मायक्रोसॉफ्टने ती मुद्दाम जुनी ठेवली आहे. कंपनीने दिलेला ड्रायव्हर त्यामुळे नेहमी नवा ठरतो आणि विंडोजचा साधा ड्रायव्हर त्याच्यावर कुरघोडी करत नाही. इंटेलच्या चिपसेटच्या, म्हणजे प्रोसेसर आणि बाकी भाग जोडणाऱ्या चिपांच्या, काही नोंदींवर तर १८ जुलै १९६८ अशी तारीख असते. हा इंटेलच्या स्थापनेचा दिवस. हेतू तोच, की दुसरा अधिक नेमका ड्रायव्हर असेल तर आपण मागे राहावं. तेव्हा अशी तारीख दिसली म्हणून "ड्रायव्हर फार जुना झाला" असं समजून काहीही करू नका.

लॅपटॉपचं वेगळेपण

अनेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. एक प्रोसेसरमध्येच असलेली, कमी वीज खाणारी. दुसरी वेगळी, ताकदवान. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाने जी मांडणी आणली, तिच्यात लॅपटॉपची स्क्रीन प्रोसेसरमधल्या चिपलाच जोडलेली असते. मोठी चिप चित्र तयार करते, पण ते स्क्रीनपर्यंत पोचवते छोटीच. म्हणून छोट्या चिपचा ड्रायव्हर बिघडला तर मोठ्या चिपचा कितीही नवा टाका, स्क्रीनचा त्रास जात नाही. काही मशीनमध्ये जोडणी बदलता येणारा स्विच असतो, पण सगळ्यांत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली दोन नावं दिसत असतील, तर तुम्हाला दोन ड्रायव्हर सांभाळायचे आहेत असं समजा.

शिवाय लॅपटॉप कंपनी मूळ ड्रायव्हरवर आपले संस्कार करते. स्क्रीनचा उजेड, तापमान, झाकण मिटल्यावर काय व्हावं, कळांची जोडणी, रंगांची जुळणी. विंडोज १० पासून हे बदल बऱ्याचदा वेगळ्या जोड-आयएनएफमध्ये असतात, पूर्वी ते थेट मुख्य ड्रायव्हरमध्येच मिसळलेले असायचे. पूर्वी इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर टाकायला गेलं की "हा ड्रायव्हर या मशीनसाठी तपासलेला नाही, उत्पादकाकडून घ्या" अशा अर्थाचा संदेश येऊन इन्स्टॉलर थांबायचं. २०२० पासून इंटेलने ही आडकाठी काढली. सोय झाली, पण ज्यामुळे ती आडकाठी होती ते कारण काही नाहीसं झालं नाही.

आणि लॅपटॉपच्या चिपांचा आधार लवकर संपू शकतो. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचंच पाहा. डेस्कटॉप कार्डांना नेहमीचे नवे ड्रायव्हर २०२१ पर्यंत मिळाले, लॅपटॉपमधल्या केप्लर चिपांना मात्र २०१९ मध्येच थांबवलं. तुमचं मशीन सहा-सात वर्षांचं असेल तर "लागला की डाउनलोड करू" या भरवशावर राहू नका. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला तो प्रकार आहे.

दोष ड्रायव्हरचाच आहे का?

काढण्या-टाकण्याच्या भानगडीत पडण्याआधी पाच मिनिटं इथे द्या.

लॅपटॉप सुरू करताच कंपनीचं चिन्ह येतं, तेव्हाच स्क्रीनवर रेघा किंवा डाग दिसत असतील तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. त्या क्षणी विंडोज सुरूसुद्धा झालेली नसते. रेघा विंडोज सुरू झाल्यावरच येत असतील तर स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर पाहा. चित्रातही रेघा दिसल्या तर गडबड चिप किंवा ड्रायव्हरकडे आहे. चित्र स्वच्छ असेल तर संशय स्क्रीनवर किंवा तिच्या वायरवर घ्यायचा, आणि बाहेरचा मॉनिटर जोडून पाहिलं की तो पक्का होतो. सेफ मोड म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टी घेऊन सुरू करण्याची पद्धत (तिथे कसं जायचं ते पुढे येईल). त्यात विंडोज आपला साधा ड्रायव्हर वापरते. तिथे सगळं सुरळीत आणि बाहेर आलं की त्रास सुरू, असं असेल तर ड्रायव्हरवरचा संशय बळावतो.

स्क्रीन नुसतीच गोठली असेल तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहा. बीप ऐकू येतो, स्क्रीन लुकलुकते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. उघडी कामं बंद होत नाहीत. आणि त्रास एखाद्या अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर टॅबवर रोल बॅक ड्रायव्हर हे बटण आहे. ते दाबलं की मागची आवृत्ती परत येते. बटण फिकट दिसत असेल तर परत जायला मागची आवृत्ती शिल्लक नाही असा त्याचा अर्थ.

बॅकअप

एवढं करूनही ड्रायव्हर बदलायचाच असेल, तर आता साठवणूक. मी फक्त ग्राफिक्सचा नाही, सगळेच ड्रायव्हर एकदम काढून ठेवा असं सांगेन. एक तर वर सांगितलेले जोड-आयएनएफ हातून सुटत नाहीत. एचडीएमआयमधून टीव्हीला जाणारा आवाजही ग्राफिक्सच्याच पॅकेजमधून येतो, तोही आपोआप येतो. आणि उद्या विंडोज नव्याने टाकायची वेळ आली, वाय-फायचा ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, अशा कोंडीत तुम्ही सापडत नाही.

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, विंडोजमध्येच साधन आहे. आधी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर एक रिकामा फोल्डर करा. नाव इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता द्या, पुढचं सोपं जातं. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून टर्मिनल किंवा पॉवरशेल, ॲडमिन लिहिलेलं, उघडा. आता कमांड. फोनवर सांगावी तशी सांगते, सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं आहे. पहिला शब्द पी-एन-पी-यू-टी-आय-एल. एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ, तिला चिकटून एक्सपोर्ट, आडवी रेघ, ड्रायव्हर. पुन्हा जागा सोडून ताऱ्याची खूण. पुन्हा जागा सोडून तुमच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हचं अक्षर, विसर्गासारखी दोन टिंबं, उलटी तिरकी रेघ आणि फोल्डरचं नाव. एंटर.

तारा म्हणजे "सगळे". बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर एकेका फोल्डरात उतरायला लागतात. विंडोजचे स्वतःचे येत नाहीत, आणि त्यांची गरजही नसते, कारण ते विंडोजबरोबर येतातच. काम संपल्यावर फोल्डर उघडून पाहा. आत आयएनएफ आणि कॅट फाइली असलेले बरेच फोल्डर दिसले पाहिजेत. एकूण आकार काही जीबी झाला तर दचकू नका. ही प्रत फक्त सी ड्राइव्हवर ठेवू नका, कारण ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी कदाचित सी ड्राइव्हच उघडत नसेल.

या प्रतीत काय येत नाही तेही माहीत हवं. ग्राफिक्सचं कंट्रोल पॅनल हे बऱ्याच नव्या ड्रायव्हरांत वेगळं ॲप असतं आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येतं. तुम्ही केलेल्या रंगांच्या आणि खेळांच्या सेटिंग्ज येत नाहीत, त्यांचे फोटो काढून ठेवा. स्क्रीनची कलर प्रोफाइल असेल तर ती सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात, ड्रायव्हर्सच्या आत, कलर नावाच्या फोल्डरात असते, ती वेगळी कॉपी करा. फोटो आणि छपाईचं काम करणाऱ्यांनी हे चुकवू नये.

त्याच फोल्डरात एक साधी मजकूर फाइल लिहून ठेवा: लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, दोन्ही चिपांचे हार्डवेअर आयडी, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख. एनव्हिडियाचा आकडा वाचायची एक युक्ती आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ३१.०.१५.३६२३ असं काहीतरी दिसतं, पण साइटवर असा आकडा सापडत नाही. शेवटचे पाच अंक घ्या आणि तिसऱ्यानंतर टिंब द्या: ५३६.२३. साइटवर हाच आकडा असतो.

रिस्टोअर पॉइंटही, म्हणजे विंडोज जिथवर मागे नेता येते अशी खूण, करून ठेवा. तो उपयोगी आहे, पण काही मशीनवर ही सोय बंद असते आणि आपल्याला ते लागेपर्यंत कळत नाही, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

काढताना

सुरू करण्याआधी तीन गोष्टी. चार्जर लावा. नवा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा, दोन चिप असतील तर दोन्हींचा. आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी घ्या. पुष्कळ लॅपटॉपची डिस्क मालकाला ठाऊक नसताना कुलूपबंद असते, आणि सेफ मोडकडे जाताना विंडोज ४८ अंकी की मागू शकते. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा साठवलेली असते. ती आत्ताच फोनवर उघडून कागदावर लिहून घ्या, मशीन अडून बसल्यावर नाही. खात्याचा पासवर्डही आठवून ठेवा, कारण सेफ मोडमध्ये रोजचा पिन चालेलच असं नाही.

बहुतेकांना डिव्हाइस मॅनेजरमधली खूण करून केलेलं अनइन्स्टॉल पुरतं. त्याहून सोपं म्हणजे नव्या ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरमध्येच स्वच्छ इन्स्टॉलचा पर्याय असतो. एनव्हिडियाचा कस्टम पर्यायाच्या आत सापडतो, इंटेल आणि एएमडीच्याही इन्स्टॉलरमध्ये तशी सोय आहे. मी स्वतः आधी हाच रस्ता घेते.

डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन, ज्याला लोक डीडीयू म्हणतात, ते त्यापुढचं पाऊल आहे. ते कोठारातल्या प्रती, रजिस्ट्रीतल्या नोंदी, उरलेले फोल्डर सगळं खरवडून काढतं. ड्रायव्हर अर्धवट बसला असेल, इन्स्टॉलर पुन्हा पुन्हा मधेच थांबत असेल, तर ते खरंच कामाचं आहे. पण प्रत्येक अपडेटआधी ते चालवायचा सल्ला मला पटत नाही. ज्याने इतकं पुसलं जातं ते साधन कारण असेल तेव्हाच उचलावं. वापरायचं झालं तर सेफ मोडमध्ये वापरा: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४.

कोणताही रस्ता घ्या, काढण्याआधी इंटरनेट तोडा. वाय-फाय बंद, केबल असेल तर काढलेली. नाहीतर ड्रायव्हर निघाल्याबरोबर विंडोज अपडेट आपल्या पसंतीचा आणून बसवतं आणि तुमचं इन्स्टॉलर त्याच्यावर आदळतं.

ड्रायव्हर निघाल्यावर अक्षरं मोठी दिसतील, खिडक्या अडखळत सरकतील, ब्राइटनेस हलणार नाही, दुसरा मॉनिटर कदाचित दिसणार नाही. घाबरू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव आलेलं असेल. हा विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर. त्याला तुमच्या चिपची ताकद वापरता येत नाही, फक्त चित्र दाखवता येतं, आणि आत्ता तेवढंच हवं आहे.

परत टाकताना

क्रम असा: चिपसेटचा ड्रायव्हर बदलायचा असेल तर तो आधी, मग प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा, शेवटी मोठ्या चिपचा. मोठ्या चिपचं चित्र छोटीमार्फत जातं, त्यामुळे छोटीची वाट आधी मोकळी असावी. दोन्हींच्या मध्ये रीस्टार्ट करा.

कुठला टाकायचा? पहिली पसंती लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा, तुमच्या नेमक्या मॉडेलचा. तो जुना असून तुमच्या कामात अडथळा येत असेल, एखादं सॉफ्टवेअर नवा मागत असेल, तर चिप कंपनीचा. आणखी एका कारणासाठी नवा घ्यावा: सुरक्षा. ग्राफिक्स ड्रायव्हरचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात चालतो, त्यातल्या त्रुटी गंभीर ठरू शकतात, आणि इंटेल, एनव्हिडिया, एएमडी या तिन्ही कंपन्या त्या बुजवणाऱ्या आवृत्त्या अधूनमधून काढतात. जपून ठेवलेला जुना ड्रायव्हर हा अडचणीतला आसरा आहे, तिथे कायमचं राहायचं नाही. इंटरनेटवर दिसणाऱ्या "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट" छाप प्रोग्रॅमांपासून मात्र लांब राहा. सबसिसच्या आठ अंकांचं महत्त्व वर पाहिलंच, आणि ते पाहून निवड करायची जबाबदारी अनोळखी प्रोग्रॅमवर टाकू नये.

इन्स्टॉल चालू असताना स्क्रीन एकदोनदा काळी होईल. कामचलाऊ ड्रायव्हर खाली ठेवून खरा उचलला जात असतो, तेव्हाचं ते अंतर. याच वेळी अनेक जण पॉवरचं बटण दाबून धरतात आणि ड्रायव्हर खरोखर अर्धवट राहतो. दहा मिनिटं तरी हात लावू नका. त्यानंतरही काळीच असेल तर आधी वरच्या त्या चार कळा, मग विंडोज आणि पी, कारण कधीकधी चित्र न जोडलेल्या मॉनिटरकडे गेलेलं असतं. तेही चाललं नाही तर सेफ मोड.

आणि नवा ड्रायव्हर पटला नाही, तर आता तुमच्याकडे परतीची वाट आहे. इंटरनेट बंद ठेवून नवा काढा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या चिपवर राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर म्हणा, मग माझ्या कॉम्प्युटरवर शोधा हा पर्याय घ्या, तुमचा साठवणुकीचा फोल्डर दाखवा आणि आतले फोल्डरही पाहा ही खूण राहू द्या. विंडोज आयएनएफ वाचते, मोहोर तपासते, ओळख जुळवते आणि जुना ड्रायव्हर जागेवर बसवते. सगळेच ड्रायव्हर एका दमात परत हवे असतील तर तीच पीएनपीयूटील कमांड ॲड-ड्रायव्हर या शब्दाने चालते. पुढे फोल्डरच्या पत्त्याला जोडून उलटी तिरकी रेघ, तारा, टिंब, आयएनएफ, मग जागा सोडून तिरक्या रेघेसह एस-यू-बी-डी-आय-आर-एस आणि पुन्हा जागा सोडून तिरक्या रेघेसह इन्स्टॉल.

पुढचे काही दिवस विंडोज अपडेट थांबवून ठेवा. सेटिंग्जमध्ये ते पॉज करता येतं. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये अपडेटबरोबर ड्रायव्हर देऊ नका असा वेगळा पर्यायही आहे. मग लॅपटॉप नेहमीसारखा वापरा: झाकण मिटून उघडा, बॅटरीवर चालवा, बाहेरचा मॉनिटर लावा, एचडीएमआयचा आवाज ऐका, ब्राइटनेसच्या कळा दाबून पाहा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर चिप निवडली की ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख दिसते, ती तुम्ही टाकलेलीच आहे का ते आठवड्याने पुन्हा पाहा.

सगळं नीट चालतंय असं दिसलं की एक्सपोर्टची तीच कमांड पुन्हा एकदा, नव्या फोल्डरात चालवा आणि फोल्डरच्या नावात आजची तारीख घाला. जुना फोल्डर मात्र निदान महिनाभर तरी तसाच राहू द्या.